पंडिता रमाबाई व नकोसा झालेला जीव

पंडिता रमाबाईंचे चरित्र आमच्या वाचकांस नवीन नाही. मंडळीतील बहुतेक घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे, व केडगावच्या मुक्तिसदनाविषयी लहान मुलांनाही दोन गोष्टी सांगता येतात. असे असता तेच चरित्र आम्ही पुन्हा का सांगतो, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग बहुधा घाईने सांगून सोडून दिला जातो, आणि जळकोटच्या आसपासच्या गावांतून फिरताना आम्हांस नेमका तोच वारंवार आठवतो.

जळकोटचा मुलूख कोरडवाहू. तूर-सोयाबीनची पिके आणि सारी भिस्त पावसावर. येथे व साऱ्या मराठवाड्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती शेतकऱ्यांनी आपला जीव आपण घेतला, हे वाचकांस सांगावयास नको. अशा घरी सरकारी माणसे येतात, कर्ज किती, सातबारा कोणाच्या नावे, हे लिहून घेतात, व प्रकरण मदतीस पात्र की अपात्र ते ठरते. ते काम कोणी तरी करावेच लागते. परंतु दोन भावांवर सारखेच कर्ज असता एक तग धरतो व दुसरा धरीत नाही, याचा उलगडा त्या कागदांत होत नाही. तो माणूस चारचौघांत बसावयास का लाजू लागला होता, आपल्यावाचून पोरांना बरे दिवस येतील असे त्याच्या मनाने कसे घेतले, हे कोणी लिहून घेत नाही. रमाबाईंच्या चरित्रात हाच भाग उघडा दिसतो. कारण त्या स्वतः त्या काठापर्यंत जाऊन परत आल्या होत्या, आणि पुढे नावलौकिक झाल्यावरही त्यांनी ते लपविले नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिणेकडील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. स्त्रियांस संस्कृत शिकविणे त्या काळी पाप समजले जाई. तरी शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिस संस्कृत शिकविले, आणि तिने आपल्या धाकट्या लेकीस. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे, आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी. जवळ होता तो पैसा दानधर्मात व तीर्थव्रतांत खर्ची पडला. पुढच्या दिवसांची तजवीज अशी काहीच नव्हती.

१८७४ नंतरच्या वर्षांत दक्षिणेत दुष्काळाने हाहाकार केला. पुराण ऐकावयास कोणी उरले नाही, कारण ऐकणाऱ्यांच्याच घरी चूल पेटेना. भांडी गेली, वस्त्रे गेली, शेवटचा तांदळाचा दाणाही संपला. तेव्हा हे कुटुंब तिरुपतीजवळच्या अरण्यात शिरले, ते तेथेच मरावयाचे असा निश्चय करून. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. शेवटी वृद्ध वडिलांनी पवित्र जलात देह ठेवण्याचे ठरविले. तीर्थाच्या पाण्यात देह टाकणे ही आत्महत्या नव्हे, अशी त्या लोकांची समजूत होती. म्हणून बाकीच्यांनीही मागोमाग तेच करावे असा विचार निघाला. शास्त्रीबोवांनी एकेकाचा निरोप घेतला. रमाबाई सर्वांत धाकट्या, वय सोळाच्या सुमाराचे. त्यांची पाळी शेवटी आली. म्हाताऱ्या बापाने लेकीस जवळ घेऊन सचोटीने वागावे व देवास विसरू नये असे जे सांगितले, ते त्या मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

येथे वाचकांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. या माणसांस मरणाकडे ढकलणारी भूक तर होतीच. परंतु त्याच दुष्काळात त्याच मुलखात लाखो माणसे खडी फोडून, माती वाहून, भीक मागून जीव जगवीत होती. डोंगरे कुटुंबास त्यांतले काहीच करता येईना. अंगमेहनतीचे काम त्यांना ठाऊक नव्हते; ते करणे जातीस कमीपणा आणणारे, आणि भीक मागणे त्याहून लाजिरवाणे. ज्या विद्येमुळे लोक पाया पडत, त्या विद्येस आता कोणी विचारीना. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, आणि आपल्यासारख्यांस या जगात जागा नाही, असे त्यांस वाटू लागले. बाप पोरांस ओझे झाला होता असे पोरे म्हणत नव्हती; पण बापाच्या मनाने तसे घेतले होते. आमच्या मते अकरा दिवसांच्या उपासाइतकीच ही गोष्टही त्यांस त्या पाण्याकडे घेऊन गेली.

मग ऐन वेळी रमाबाईंचे थोरले भाऊ श्रीनिवासशास्त्री पुढे झाले. त्यांच्याजवळ धान्य नव्हते, पैसा नव्हता, कोणाचे आश्वासनही नव्हते. जातीच्या नियमांविरुद्ध असले तरी मी मजुरी करीन व आईबापांस पोशीन, आणि वडिलांस चालवत नसेल तर खांद्यावर घेऊन डोंगर उतरेन, एवढेच त्यांनी विनवून विनवून सांगितले. वडिलांनी आपला बेत सोडला. सारे कुटुंब अरण्यातून गावाकडे परतले. दुष्काळ तसाच होता आणि पोटेही तशीच रिकामी होती. पण म्हाताऱ्यास आता ठाऊक झाले की, आपण टाकून देण्याची वस्तू नसून खांद्यावर वाहून नेण्याजोगे माणूस आहो. आणि थोरल्या मुलालाही करावयास काही तरी काम सापडले होते.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. अरण्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत वडील तापाने वारले. उरलेली माणसे रायचूरला आली. रायचूर तेव्हा आपल्या जळकोटाप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. तेथे आई अंथरुणास खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमाबाई एका घरी गेल्या. परंतु दारात उभ्या राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांस मात्र धार लागली. त्या घरच्या बाईने न मागताच बाजरीची भाकरी आणून दिली. आईला ती खाण्याची शक्ती उरली नव्हती. आई वारल्यावर प्रेत न्यावयास माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा खांदा भावाने दिला, आणि चौथी बाजू रमाबाईंनी घेतली. त्या उंचीने लहान असल्यामुळे तिरडीचा दांडा खांद्यावर बसेना, म्हणून तो त्यांनी डोक्यावर घेतला. काही काळाने वडील बहीणही गेली.

उरलेल्या भावाबहिणीने पायी सारा हिंदुस्थान पालथा घातला. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नसल्यामुळे वाळूत खळगे करून, अंगावर वाळू ओढून ती दोघे निजत. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात मोडून विवाह केला, पुढच्या वर्षी मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारला. चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वी रमाबाई विधवा झाल्या.

मग त्या पुण्यास आल्या व तेथे आर्य महिला समाज काढला. १८८३ साली विद्याभ्यासासाठी विलायतेस गेल्या, त्या वेळी त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती. (डॉक्टर आनंदीबाई जोशी त्या निराळ्या.) विलायतेस पोहोचल्यावर काही महिन्यांतच या बाईने वाँटेज येथे आपला जीव दिला. याची कारणे कोणी काही, कोणी काही लिहिली आहेत. ती आम्ही येथे उकरून काढीत नाही. धर्मांतराच्या शंका, परका देश, परकी भाषा आणि भोवती आपले म्हणावे असे एकच माणूस, अशा जागी ती होती, एवढे ध्यानात घ्यावे. त्या वेळी रमाबाई तिच्या जवळच होत्या, तरी तिला वाचविता आले नाही. ज्यांच्या घरात असे झाले आहे त्यांना आमचे सांगणे असे की, पंडिता रमाबाईंसारखी बाई, जी स्वतः त्या काठावरून परतली होती, तिलासुद्धा शेजारच्या जिवातले दुःख वेळेवर हाती लागले नाही. तेव्हा मागे राहिलेल्यांनी सारा दोष आपल्या माथी घेऊन कुढत बसू नये. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्या अमेरिकेस गेल्या व १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातील एक मुद्दा आमच्या विषयास लागू आहे. १८२९ साली सतीची चाल कायद्याने बंद झाली, हे चांगले झाले. परंतु विधवेचा देह वाचला तरी तिला माणसात घेण्याचे कोणी मनावर घेतले नाही. तिचे केस काढावयाचे, एक वेळ जेवावयास घालावयाचे, मंगल कार्यात तिची सावली पडू द्यावयाची नाही, आणि नवरा मेला तो तिच्याच पापाने असे उठता बसता सांगावयाचे. तिला जो शब्द लावीत तोच वेश्येसही लावीत, हेही रमाबाईंनी नोंदले आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीने हे रात्रंदिवस ऐकले म्हणजे ती स्वतःसही तसेच समजू लागते. लोक तिला अपशकून म्हणतात, इथपर्यंतचे दुःख निराळे. पण मी अपशकूनच आहे असे तिच्या मनाने एकदा घेतले, म्हणजे विहीर फार दूर राहत नाही.

हे आम्ही केवळ आमच्या मनचे सांगत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, मरणाची इच्छा ज्या दोन भावनांतून बळावते त्या म्हणजे, आपण दुसऱ्यांवर ओझे आहो ही एक, आणि आपण कोणाचेच नाही ही दुसरी. ऑस्ट्रेलियातील निक हॅस्लम यांनी २००६ साली दाखविले की, माणसाचे माणूसपण दोन तऱ्हांनी काढून घेतले जाते. एक त्याला जनावरासारखे लेखून, दुसरी त्याला यंत्रासारखे लेखून. आमच्या वाचकांस याचे उदाहरण शोधावयास ऑस्ट्रेलियास जावे लागणार नाही. पहिली तऱ्हा आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेर सोसली आहे. दुसरी पाहावयाची तर दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीस निघणाऱ्या गाड्या पाहाव्या. नवराबायको मिळून मुकादमाच्या हिशेबी एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा. ज्याने त्याने आपले नाव घरी ठेवावे आणि हत्याराच्या नावाने उचल घ्यावी! एका कारणाने कोणी मरत नाही हे खरे. कर्ज, दारू, आजार, घरातील कलह, मनाचा रोग, ही सर्व त्यात असतात. पण ज्याला आपण माणसात जमा आहो असे वाटत असते, तो यांपैकी पुष्कळ सोसून जातो, असे आमचे पाहणे आहे.

आता रमाबाईंनी काय केले ते पाहू. १८८९ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. तेथे विधवेस पोटभर जेवण होते, पुस्तक होते, बागेत फिरण्याची मोकळीक होती, आणि बाईंची खोली तिला उघडी होती. या गोष्टी दिसावयास क्षुल्लक दिसतात. पण जिला घरच्या ओसरीवर येण्याची चोरी, तिला फुलझाडास पाणी घाल म्हणून सांगणे म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक! १८९३ साली गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी जे कार्य आरंभिले, त्यात आनंदीबाई कर्वे या नावाने त्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या.

याच १८९३ साली शारदासदनावर वादळ आले. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात या कारणावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. आम्ही ख्रिस्ती असलो तरी सारा दोष एका बाजूस होता असे म्हणणार नाही. धर्माची सक्ती नाही या बोलीवर ज्यांनी लेकी पाठविल्या, त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या मुलींपैकी कितीकींस परत त्याच अंधाऱ्या कोनाड्यात जावे लागले असेल, याचे दुःख दोन्ही पक्षांनी करावयास हवे होते.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदतीच्या छावण्यांत पोरक्या मुलींची काय विटंबना चालली होती ती त्यांनी पाहिली, आणि वीस वर्षांपूर्वीचे ते अरण्य त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी शेकडो मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. पुण्यास जागा पुरेना, म्हणून दौंडजवळ केडगाव येथे घेतलेल्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले, व त्या वर्षी तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्या मुली अंगावर फोड, डोक्यात उवा, आणि हातातले अन्न कोणी हिसकावील या भीतीने भांबावलेल्या अशा होत्या. त्यांना सांभाळावयास रमाबाईंनी शारदासदनातील जुन्या मुली लावल्या. कालपर्यंत ज्या स्वतःला घराचे ओझे समजत, त्यांच्या कडेवर आज कोणी लेकरू आले. कोणी मागावर बसल्या, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी छापखान्यात. आंधळ्या स्त्रियांस मनोरमाबाई बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकवीत. ज्यांना गावाने पतित म्हणून टाकले होते त्यांच्यासाठी कृपासदन निराळे होते. तेथील शिस्त कडक होती, व ती सर्वांस मानवली असेल असे नाही. पण येथे येणाऱ्या प्रत्येकीकडे कोणी तरी काही तरी काम मागितले, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. नुसत्या दयेने माणसाचे पोट भरते. परंतु आपण नकोसे आहो ही खंत त्याने जात नाही.

आता एक गोष्ट आमच्या मंडळ्यांविषयी. कोणी आपला जीव घेतला तर त्याच्या मातीस जावे की नाही, प्रार्थना करावी की नाही, याची कुजबूज काही ठिकाणी अजून होते. त्याच्या बायकोस देवळात मागे बसावे लागते, पोरांस शाळेत चिडवितात. गेला तो गेला, पण त्याच्या घरच्या माणसांस आपण याच रीतीने माणसांतून उठवितो, आणि मग त्याच घरी दुसरे दुःख आले म्हणजे नवल करतो. जो जगला-वाचला त्यास पोलिसांचे भय दाखविण्याची चालही सोडून द्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसास तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानून सरकारने त्याची काळजी घ्यावी असे ठरविले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. कोणी आम्ही नसतो तर बरे झाले असते असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच्यापाशी बसावे, त्यास सरळ विचारावे, व एकटे सोडू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, व तेथे मराठीत बोलता येते. तो देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्यावर आणखी एक घाव पडला. सारे कार्य जिच्या हाती सोपवावयाचे ती मनोरमा १९२१ च्या जुलै महिन्यात वारली. त्या वेळी रमाबाईंस नीट ऐकू येत नसे व प्रकृती खंगली होती. तरी त्या रोज मेजापाशी बसत. पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून साध्या बायकांस समजेल अशा मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी हाती घेतले होते, व तेच त्या पुरे करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणे व तो छापणे ही कामे मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली.